उभी टाकी, आडवा मासा

मासा हा मुळात आडवा प्राणी आहे. विधात्याने त्याला घडवला तेव्हा डोळ्यांपुढे नद्या होत्या, समुद्र होते. वन बीएचके नव्हता. नदी आडवी वाहते, मासा आडवा पोहतो आणि शेवटी ताटात येतो तोही आडवाच. माणूस मात्र उभा. त्यामुळे माणसाने माशाला घरात आणलं तेव्हा दोघांपैकी कुणी कुणासारखं व्हायचं, हा प्रश्न पडणारच होता. माणूस आडवा व्हायला तयार असतो, पण फक्त रविवारी दुपारी. तेव्हा टाकीच उभी झाली.

आपल्याकडे इमारती उंच का झाल्या, याचं जे उत्तर आहे तेच टाक्यांचंही आहे. जमिनीला भाव आहे, हवेला अजून लागलेला नाही. तीन फूट लांबीची टाकी ठेवायची तर सोफा तरी काढा, नाहीतर सासूबाईंची खुर्ची. दोन्ही गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात. उंच टाकी कशी, शोकेस आणि खिडकी यांच्या मधल्या कोपऱ्यात गपकन बसते.

आमच्याकडे अशी टाकी आहे. मेहुण्याने वास्तुशांतीला दिली. दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि अडीच फूट उंच. दिली ती रिकामी. "मासे तुमच्या आवडीने घ्या, भाऊजी," असं म्हणून तो मोकळा झाला. आमच्या बँकेत याला कर्ज मंजूर करून हप्ते जामीनदाराच्या गळ्यात घालणं म्हणतात.

मासे कोणते घ्यायचे, यावर घरात चार माणसांत पाच मतं झाली. मुलीला लाल-निळे चमकणारे निऑन हवे होते. शंभर आणा, म्हणाली, पण एकही मेला तर मी तुमच्याशी बोलणार नाही, बाबा. आमच्या हिला गोल्डफिश. कारण मासा कसा, लांबून मासा दिसला पाहिजे. मेहुण्याने फोनवरून 'शार्क' सुचवला. सासूबाई मूळच्या रत्नागिरीकडच्या. मासे पाळायचे म्हणजे नेमकं काय करायचं, एवढाच त्यांचा मूलभूत प्रश्न होता. आणि दुकानदाराचं मत असं की, सगळेच घ्या, साहेब.

मी कॉमर्सचा पदवीधर. कोणताही प्रस्ताव समोर आला की त्यावर सही करण्याआधी मागचा खातेउतारा काढून बघायचा, ही वीस वर्षांची खोड. माशांचा खातेउतारा काढायला बसलो तो थेट चीनमध्ये निघाला.

सुंग राजवटीत, म्हणजे साधारण दहाव्या ते तेराव्या शतकात, चिनी लोकांनी करड्या कार्प जातीच्या माशांत मधूनच निघणारे सोनेरी पिल्लू वेगळे काढून वाढवायला सुरुवात केली. तोच आपला गोल्डफिश. पुढे तळ्यातून तो चिनीमातीच्या कुंडात आला. आता गंमत बघा. चिनीमातीतून आरपार दिसत नाही. म्हणजे हा मासा बघायचा तो वरून! दुहेरी शेपटी, फुगीर पोट, माथ्यावरचा गोंडा, ही सगळी सजावट झाली ती वरून बघणाऱ्या डोळ्यांसाठी. एका जातीचे तर डोळेच आकाशाकडे वळलेले असतात. साहेब केबिनमधून बाहेर आले की आमच्या काही सहकाऱ्यांचे होतात तसे. अशा माशाला अडीच फूट खोल टाकीत टाकून बाजूने बघणं म्हणजे पैठणी घडी घालून तिची किनार बघण्यासारखं आहे. शिवाय पोट सुटलेलं आणि कणा आखूड, त्यामुळे या मंडळींना पोहणं फारसं जमत नाही. त्यांना जिने चढायला लावू नयेत. हिचा अर्ज तिथेच मागे पडला. अर्थात तिला तसं सांगितलं नाही, 'विचाराधीन' म्हटलं.

युरोपात काचेच्या भांड्यातले मासे तुरळक दिसत. सॅम्युएल पेपिस या लंडनच्या सरकारी नोकराने २८ मे १६६५ च्या रोजनिशीत पाण्याच्या काचपात्रात ठेवलेले मासे पाहिल्याची नोंद केली आहे. मोठी अपूर्वाई वाटली होती त्याला. पण असे मासे फार टिकत नसत. पाणी बदलत राहायचं, मासा मेला की नवा आणायचा, एवढंच शास्त्र होतं. काही घरांत ते अजूनही चालू आहे.

बाजूने बघता येईल अशी मोठी टाकी यायला एवढा उशीर का लागला? याचं एक कारण कुठल्याही कॉमर्सवाल्याला आवडेल असं आहे. इंग्लंडमध्ये काचेवर अबकारी कर होता, आणि तो काचेच्या वजनावर! जाड काच म्हणजे जबर कर. शंभर वर्षं हा कर चालला आणि १८४५ मध्ये उठला. काच स्वस्त झाली, १८५१ च्या प्रदर्शनासाठी लंडनमध्ये अख्खा काचेचा महाल उभा राहिला आणि त्याच सुमारास मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात काचेची टाकीही आली. अर्थसंकल्पातल्या एका कलमाने किती मासे घराघरांत पोचले, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. आमच्याकडे तर अर्थसंकल्पानंतर मासे घरातून कमीच होतात.

मात्र मान द्यायचाच तर आधी एका शिवणकाम करणाऱ्या बाईला द्यायला हवा. जान व्हिलप्रू ही फ्रान्समधली मुलगी. पॅरिसला जाऊन भरतकाम करू लागली. १८१६ मध्ये एका राजकन्येच्या लग्नाचा पोशाख तिने भरला. मग पॉवर नावाच्या व्यापाऱ्याशी लग्न करून सिसिलीतल्या मेसिना शहरी गेली. तिथे 'आर्गोनॉट' या आठ हातांच्या समुद्रजीवाने तिला वेड लावलं. हा प्राणी आपला पातळ शिंपला स्वतः बनवतो की दुसऱ्याचा ढापतो, यावर मोठमोठे पंडित वाद घालत होते. बाईंनी १८३२ मध्ये काचेच्या पेट्या करवून घेतल्या, त्यात आर्गोनॉट ठेवले आणि बघत बसल्या. शिंपला त्याचा स्वतःचाच निघाला. पुढे त्यांच्या संग्रहाचा आणि कागदपत्रांचा मोठा भाग जहाजाबरोबर समुद्राच्या तळाशी गेला. समुद्राने आपलं कर्ज व्याजासकट वसूल केलं म्हणायचं.

लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टनची गोष्ट मला सगळ्यात जास्त पटते, कारण ती ताळेबंदाची गोष्ट आहे. हा औषधी रसायनं करणारा माणूस. १८४९ मध्ये त्याने १२ गॅलन मावतील अशा काचेच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश सोडले आणि पाण्यात वाढणारं रिबिनीसारखं गवत लावलं. मासा श्वासातून जे सोडतो ते वनस्पती घेते, वनस्पती जो प्राणवायू सोडते तो मासा घेतो. जमा आणि नावे सारखी. पण गवताची पानं कुजायला लागली, पाणी गढुळलं. हिशेबात फरक आला! तेव्हा त्याने गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, आणि खातं जुळलं. १८५० मध्ये त्याने हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे वाचला. आमच्याकडे मार्चअखेर रात्री अकरा वाजता ज्या गोगलगायी लागतात, त्यांना स्टाफ म्हणतात.

आणि मग आला फिलिप हेन्री गॉस. याच्याबद्दल मी थोडा पक्षपाताने लिहिणार आहे, कारण हा मूळचा कारकून. सतराव्या वर्षी, १८२७ मध्ये, न्यूफाउंडलंड बेटावरच्या एका व्यापारी पेढीत खर्डेघाशी करायला गेला. आठ वर्षं कॉडमाशांचे, सीलच्या तेलाचे हिशेब लिहिले आणि उरलेल्या वेळात किडे जमवले. पुढे हाच माणूस इंग्लंडमधला नावाजलेला निसर्गलेखक झाला. मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, त्याला समुद्रातले जीव पुरवण्यात हा पुढे होता. १८५४ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि 'अॅक्वेरियम' हा शब्द त्यानेच रूढ केला. माझ्या शाखेतल्या एखाद्या कारकुनाने अजून असा एखादा शब्द रूढ केलेला नाही. केले ते छापण्याजोगे नाहीत.

पुस्तक खपलं आणि इंग्लंडला वेड लागलं. डेव्हनच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहतं, त्यात रंगीबेरंगी जीवांची अख्खी वस्ती असते. रेल्वेने माणसं आली, हातात हातोडी, छिन्नी आणि बरण्या घेऊन. दहा-पंधरा वर्षांत खळगे ओकेबोके. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये बापाबद्दलचं पुस्तक लिहिलं, त्यात या लुटीचं दुःख आहे आणि आपल्या बापाच्या पुस्तकांनीच ती ओढवली हेही त्याने लपवलेलं नाही. बापाला स्वतःलाही ते फार लागलं होतं. ही नोंद मला खातेउताऱ्यात लाल शाईने लिहिलेली दिसते. दिवाणखान्यात नेलेले ते जीव जगले असते तर एक वेळ निराळं. पण बहुतेक आठवड्याभरातच मेले. वेड १८६० नंतरच्या काही वर्षांत ओसरलं. टाक्यांत लोकांनी नेचे लावले.

ते का मेले, याचं एक मोठं कारण आजही प्रत्येक उंच टाकीत उभं आहे, म्हणून जरा आकडेमोड करतो. कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा. आमच्या पासबुकाच्या मागचे नियम तुम्ही कुठे वाचता? पाण्यात प्राणवायू जातो तो मुख्यतः वरच्या पृष्ठभागातून. मेहुण्याच्या टाकीत ४५ गुणिले ४५ गुणिले ७५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १५२ लिटर पाणी मावतं. तिचा पृष्ठभाग २०२५ चौरस सेंटिमीटर. तीच टाकी आडवी केली तर पाणी तेवढंच, पण पृष्ठभाग ३३७५! म्हणजे ठेवी तेवढ्याच, खातेदार तेवढेच, पण पाच खिडक्यांपैकी तीनच उघड्या. पेन्शनच्या दिवशी शाखेत जे होतं तेच टाकीत होणार, एवढंच की मासे आरडाओरडा करत नाहीत. हवेचा पंप लावतात तो मुख्यतः यासाठी. बुडबुड्यांमुळे पाणी खालीवर होतं, पृष्ठभाग ढवळला जातो. म्हणजे खिडक्या तीनच, पण कारकून चपळ. तरीही उंच टाकीत लिटरच्या हिशेबाने मासे मोजू नयेत. पृष्ठभागाच्या हिशेबाने मोजावेत.

दुसरी गोष्ट काचेवरच्या रेट्याची. तो उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उभ्या टाकीच्या एका काचेवर पाणी एकूण सव्वाशे किलोच्या आसपास रेटा देतं. आडवीच्या मोठ्या काचेवर पंचाहत्तर. म्हणून उंच टाकीला जाड काच लागते. पूर्वी लोखंडी चौकट आणि लांबी वापरून टाक्या करत, पाणी झिरपे, गंज चढे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिलिकॉनचा चीक आला आणि नुसत्या काचेला काच चिकटवून टाकी करता येऊ लागली. त्यानंतरच ही उंच फॅशन घरोघर सोपी झाली. तिसरी गोष्ट कुठल्याच पुस्तकात मोठ्या अक्षरात लिहिलेली नसते. अडीच फूट खोल टाकीचा तळ साफ करायला गेलं की बाही खांद्यापर्यंत वर करावी लागते आणि तरी बोटं तळाला लागत नाहीत. स्टुलावर चढून काखेपर्यंत पाण्यात हात घातलेल्या कुटुंबप्रमुखाकडे घरातले ज्या नजरेने बघतात, ती नजर मत्स्यालयाबाहेर उभ्या असलेल्या प्रेक्षकांची असते.

तर प्रश्न असा की, ज्याची घडणच उभी आहे असा एखादा मासा निसर्गात आहे का? आहे. आणि त्याची सरकारदरबारी पहिली नोंद कुठे व्हावी? एका विक्रीच्या यादीत! बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिसंग्रहाकडे एकाच जातीचे जास्तीचे नमुने साठले होते. संग्रहाचा प्रमुख लिख्टेनस्टाइन याने १८२३ मध्ये ते विकायला काढले आणि किमतींसह यादी छापली. त्या यादीत ब्राझीलच्या एका चपट्या माशाचं वर्णन आहे. आमच्या भाषेत जप्त मालाच्या लिलावाची नोटीस. नाव दिलं 'झेउस स्कालारिस'. 'स्कालारिस' म्हणजे जिन्याचा, शिडीचा. मला हे नाव फार आवडलं. जिन्याचा मासा, तोच उंच टाकीत शोभायचा!

पुढे व्हिएन्नाच्या हेकेल या मत्स्यशास्त्रज्ञाने १८४० मध्ये त्याला स्वतंत्र घराणं दिलं, 'टेरोफायलम', म्हणजे पंखवालं पान. हेकेलपुढे योहान नाटेररने पाठवलेला माल होता. हा नाटेरर १८१७ ला ब्राझीलमध्ये उतरला आणि १८३५ पर्यंत परत आलाच नाही. रजा मंजूर करून घेण्याची कला ती हीच. त्याच वर्षी हेकेलने 'डिस्कस' या ताटलीसारख्या माशालाही नाव दिलं. आपण ज्याला दुकानात 'एंजल' म्हणतो तो हा टेरोफायलम. अॅमेझॉनच्या संथ पाण्यात, बुडालेल्या फांद्या आणि उभ्या देठांच्या गर्दीत राहतो. अंग पानासारखं चपटं, अंगावर उभे काळे पट्टे, वर-खाली शिडासारखे पर. देठांतून सरकताना चपटेपणा उपयोगी, आणि पट्ट्यांमुळे तो स्वतःच एक देठ होऊन जातो. मोठा झाला की लांबीपेक्षा उंचीच जास्त. लांबी वीतभरसुद्धा नाही, पण परांसकट उंची वीतभराच्या वर जाते. कमी उंचीच्या टाकीत त्याचे पर नीट पसरत नाहीत. ओरिनोकोच्या बाजूचा त्याचा भाऊ, १९०३ मध्ये पेलग्रांने वर्णन केलेला 'आल्टम', तर त्याहून उंच. पण त्याची पाण्याची नाटकं इतकी की तो सोडून द्यावा. तिसऱ्या भावाचं वर्णन १९६३ मध्ये बेल्जियमच्या ज्यां-पिएर गॉसने केलं (आडनाव तेच, माणूस वेगळा) आणि त्याला राजे लिओपोल्ड तिसरे यांचं नाव दिलं. हे राजे १९५१ मध्ये गादी सोडून जंगलं हिंडायला लागले होते. स्वेच्छानिवृत्तीनंतर काय करावं हे ज्यांना सुचत नाही, त्यांनी नोंद घ्यावी.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत एंजल जिवंत जर्मनीत पोचला. तिथल्या थंडीत टाकीखाली दिवा किंवा गॅस पेटवून पाणी कोमट ठेवायची खटपट करावी लागे. आमच्या मुंबईला अॅमेझॉनची हवा बारा महिने फुकट आहे, वीजबिलाशिवाय. शिवाय आज आपल्याकडचा एंजल अॅमेझॉनहून येत नाही. चेन्नईजवळच्या कोळत्तूरसारख्या ठिकाणी त्याची पैदास होते. म्हणजे तो आता घेतला तर कुणाच्या नदीचा खळगा रिकामा होत नाही. लाल शाईच्या नोंदीनंतर मी हे मुद्दाम तपासलं.

मुलीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग एंजल घ्या, आणि निऑनही घ्या. दोघं अॅमेझॉनचेच ना? गाववाले."

गाववाले खरेच. पण गाववाल्यांचा अनुभव मुलीला अजून यायचाय. निऑनचा इतिहास मोठा रोमांचक आहे. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात फुलपाखरं गोळा करणाऱ्या ऑगस्त राबो या फ्रेंच माणसाला तो अॅमेझॉनच्या वरच्या अंगाला सापडला. १९३६ मध्ये पहिले काही निऑन जर्मनीहून अमेरिकेला 'हिंडेनबर्ग' या अवाढव्य हवाई जहाजातून गेले, आणि त्यातला शेवटी एकच तगला. त्याच वर्षी मायर्सने त्याला फिलाडेल्फियाचे मुद्रक आणि संपादक विल्यम इनेस यांचं नाव दिलं. एवढा थाटाचा मासा, पण लांबी दीड इंच. आणि एंजलच्या मूळ गावी असल्या दीड इंची मंडळींना न्याहारी म्हणतात. एंजल लहान असतो तोवर दोघं गुण्यागोविंदाने राहतात. तो मोठा झाला की एकेक सकाळी निऑनांची हजेरी कमी भरते, टाकीत मेलेला मासा एकही सापडत नाही आणि एंजल मात्र देवदूतासारखा शांत. अफरातफरीच्या चौकशीत असा चेहरा मी दोनदा पाहिलाय. मुलीने विचार केला आणि निऑनांचा अर्ज स्वतःहून मागे घेतला. 'एकही मेला तर' या अटीची किंमत तिला कळली होती.

मेहुण्याचा 'शार्क' हा शार्क नसून आग्नेय आशियातला पंगस. दुकानात बोटाएवढा असतो आणि पुढे नदीत मीटरभर होतो. तो दीड फुटाच्या टाकीत वळणार कसा? टाकी मेहुण्याचीच असल्याने त्याला हे सौम्य शब्दांत कळवलं.

मला स्वतःला मात्र आपल्या मातीतलं काहीतरी हवं होतं. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' लिहिला. कल्याणीचा राजा, आपला शेजारीच. त्यात 'मत्स्यविनोद' म्हणून स्वतंत्र प्रकरण आहे. मासे कोणते, त्यांना काय चारावं, गळ कसा टाकावा. डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्यावर इंग्रजीत लेख लिहिला. त्याच वर्षी मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. मी उत्साहाने सासूबाईंना सांगितलं की, आपल्या राजांनीसुद्धा माशांवर लिहिलंय. "पुढे काय केलं त्यांचं?" त्यांनी विचारलं. त्याच ग्रंथात मासे रांधायच्याही कृती आहेत, हे मला सांगावं लागलं. "मग शहाणा राजा," त्या म्हणाल्या.

दुकानदाराने 'मिस केरळ' दाखवली. चंदेरी अंग, काळा पट्टा, त्यावर लालभडक रेघ; बघत राहावं. फ्रान्सिस डे याने १८६५ मध्ये तिचं वर्णन केलं आणि मद्रासचे गव्हर्नर विल्यम डेनिसन यांचं नाव तिला चिकटवलं. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी तिचं घराणं बदललं आणि नवं नाव ठेवलं 'सह्याद्रिया'. आपला सह्याद्री! ऊर भरून आला. पण ती राहते केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या धावत्या ओढ्यांत, आणि टाकीवाल्यांसाठी इतकी उपसली गेली की आज धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. २००८ मध्ये केरळ सरकारला तिच्या पकडीवर बंधनं घालावी लागली. डेव्हनचे खळगे पुन्हा. शिवाय ती पळणारी मुलगी. तिला चार फूट लांब धाव लागते. उंच टाकीत ती लिफ्टमध्ये कोंडल्यासारखी होईल. मी दुकानदाराला विचारलं, ही पैदास केलेली की ओढ्यातली? तो म्हणाला, "साहेब, केरळची." केरळ मलाही माहीत होतं. नको म्हटलं.

राहता राहिले गप्पी. त्रिनिदादच्या लेचमियर गप्पी या गृहस्थांनी नमुने लंडनला पाठवले, गुंथरने १८६६ मध्ये त्यांचं नाव दिलं, आणि मग कळलं की पेटर्सने १८५९ मध्येच त्या माशाला दुसरं नाव देऊन ठेवलंय. शास्त्रात पेटर्स जिंकला, बाजारात गप्पी. आपल्याकडे आरोग्य खातं भिंतींवर त्यांची जाहिरात करतं, डासांची अंडी-पिल्लं खातात म्हणून. गुणी मासा, फक्त एंजलच्या टाकीत तो निऑनच्याच मार्गाने जातो. सोसायटीच्या कारंज्याच्या हौदात मी सेक्रेटरींना न विचारता डझनभर सोडलेत, हे इथे छापलं तरी चालेल. सेक्रेटरी ललित वाचत नाहीत.

शेवटी आठ आण्याच्या जुन्या नाण्याएवढे चार एंजल आले. चारच. दुकानदार बारा देत होता. पण पृष्ठभाग २०२५ आणि ही चौघं मोठी व्हायची आहेत. टाकी आधी महिनाभर पंप, वाळू आणि रुंद उभ्या पानांची झाडं घालून नुसतीच चालवली; पाण्यातले जे सूक्ष्म जीव माशांची घाण पचवतात, त्यांना बस्तान बसवायला तेवढा वेळ लागतो. महिनाभर आम्ही घरी आलेल्या पाहुण्यांना पाणी दाखवत होतो. "छान आहे," म्हणायचे बिचारे.

एंजलांनी मात्र टाकी अशी वापरली की मेहुण्याला फोन करून सांगावं. एक वर, एक तळाशी, दोघं मधल्या मजल्यांवर. शिड्या चढल्यासारखे येतात-जातात. वर्षभरात त्यांतल्या दोघांचं जमलं. हा मासा अंडीसुद्धा उभ्या जागी घालतो, पानावर नाहीतर नळीवर, ओळीने, आणि मग नवरा-बायको दोघं आळीपाळीने परांनी वारा घालत राहतात. आमच्या जोडीने फिल्टरची उभी नळी पसंत केली. उरलेल्या दोघांची एका कोपऱ्यात बदली झाली. मुलगी शाळेला उशीर करून टाकीपुढे बसली. ही चहाचा कप घेऊन उभी. पहिल्या खेपेची अंडी आईबाप बहुधा खाऊन टाकतात, हे मी वाचलं होतं, पण ते त्या क्षणी बोलायची माझी छाती झाली नाही.

सासूबाई खुर्चीतून उठल्या, चष्मा पुसून काचेला नाक लावलं आणि नळीवरची ती मोत्यांची रांग बराच वेळ बघत राहिल्या.

"जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या, "गाभोळी हो ही. कुणी हात लावू नका."